आमची वाटचाल : उखळ ते डंख

डंख म्हणजे विजेवर मुसळं उचलून मिरची-मसाला कुटणारं यंत्र. आमच्या डंखाची गोष्ट आत्यांपासून सुरू होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर जत तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात परकराच्या वयात खडी फोडायला गेल्या, सुकडी आणि मिलोवर, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीवर, दिवस काढले. पुढं वडिलांनी पाण्याचा मुलूख बघून शिरोळ तालुक्यात दिलं. इथं पाणी होतं, पण सासरला रान नव्हतं. मग लोकांच्या सोप्यात बसून चटणी, म्हणजे मसाला घातलेलं लाल तिखट, कुटायची. हाताला गोडेतेल, नाकाला पदर आणि मुसळाचा घाव उखळात बरोबर मधोमध. मजुरी रोख थोडी, जोंधळेच जास्त. तळहाताचे घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत.

पुढं बचत गट, कर्ज, थ्री फेज लाइन, डंख. बरी वर्षं गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते ऑगस्ट २०१९ चं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी आमच्या दाराच्या चौकटीला लागलं. डंखाचा पाया काँक्रीटचा, तो कुठं हलवणार? पाणी उतरलं तेव्हा बेअरिंगमध्ये गाळ, पट्टा कुजलेला, मोटर रिवाइंडिंगला. आणि नेमका तेव्हाच, आमच्याच डंखावर कामाला असलेल्या, आत्यांनी मसाला भाजायला शिकवलेल्या माणसानं वरच्या गल्लीत पल्व्हरायझर, म्हणजे मिरची झटपट बारीक करणारं यंत्र, टाकला. टाकू दे, धंदा कुणीही करावा. पण 'त्यांच्या डंखात पुराचा गाळ हाय' असं गिऱ्हाइकांना दारोदार सांगायचं काय कारण होतं? आम्ही एकेक मुसळ सोडवून उकळत्या पाण्यानं घासलं, आधी नुसतं जाडं मीठ कुटून ते फेकून दिलं, मगच मिरची घातली. हे सांगायला आम्ही कुणाच्या दारात गेलो नाही. जायला पाहिजे होतं असं पोरं म्हणतात. मला अजून पटत नाही.

त्यातून सावरून शिमग्याला सीझन धरला, तर मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन. ऐन चटणीच्या दिवसांत डंख बंद.

इचलकरंजीच्या एक वहिनी, घरात माग. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "संकेश्वरी मिरच्या वाळवून डब्यात भरल्या. तुमचा डंख चालू झाला की कळवा. तवर आम्ही गेल्या सालाची पुरवतो." शेजारी पल्व्हरायझर असून त्या गेल्या नाहीत. त्यांना फरक ठाऊक होता. पल्व्हरायझरमध्ये हातोड्या गरगर फिरतात, मिरची तापते, रंग आणि वास दोन्ही उतरतात. डंखाचं मुसळ शाफ्ट उचलतो आणि ते आपल्या वजनानं पडतं. वेळ लागतो, पण चटणी लाल राहते.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, चवीला संकेश्वरी. नुसत्या ब्याडगीची चटणी दिसते छान, खाताना कळते. मिरची हातात खुळखुळ वाजली पाहिजे. कांदा उन्हात कडक करून मग तळा, ओला राहिला तर चटणीला बुरशी धरते. खोबरं जास्त घालून वजन वाढवायचा मोह नको, पावसाळ्यात खवट वास येतो. आणि कृपा करून देठं घरीच काढून आणा. दारात पोतं ओतून गप्पा मारत देठं खुडणाऱ्यांमुळं मागचा नंबर खोळंबतो, आणि बोलणी मला बसतात.