चार तेरा

दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि भिंतीवर दिवसभर फडफडणारं कॅलेंडरही गप्प झालं. एरवी तारखेपलीकडे त्याच्याकडे कोण बघतं! उकाड्यात दुसरं काही सुचेना म्हणून वरची ओळ वाचली. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.' बायबलातलं फिलिप्पैकरांस पत्र, ४:१३, म्हणजे चौथा अध्याय, तेरावी ओळ.

आमची जुनी ओळख. शाळेत गणिताच्या पेपराआधी हे वचन मी तीनदा म्हणायचो. डोळे मिटून, एका दमात. मधे श्वास घेतला तर पुन्हा पहिल्यापासून. 'सर्वकाही'त भूमिती येतेच, असा माझा हिशेब. एकदा तो चांगलाच चुकला. पेपर घरी दाखवला तेव्हा आजीने मार्कांबद्दल चकार शब्द काढला नाही. चष्मा वर सरकवत एवढंच म्हणाली, "आधीच्या दोन ओळी वाचल्यास का रे?"

नव्हत्या वाचल्या. त्या कॅलेंडरवर कुठे असतात? त्यांत हे पत्र लिहिणारा पौल सांगतो की भरलेलं पोट असो की भूक, चंगळ असो की चणचण, आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलोय. आणि हे बेड्यांत बसून. माझी भूमिती त्याच्या डोक्यातही नव्हती.

मी अडकतो तो 'शिकलो' या शब्दाशी. पाच वेळा एक कमी चाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, तीनदा फुटलेलं जहाज. एवढ्या शिकवण्या झाल्या तेव्हा कुठे गडी हे म्हणू शकला. मी एका पंख्यात गारद.

आजीला गुडघ्यांचं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "बरं आहे, प्रभूची कृपा." मला ती त्याच यत्तेतली वाटायची. मग एका रात्री पाणी प्यायला उठलो तर तिच्या खोलीतून कुजबुज. "डावा जास्तच ठणकतोय. जिना उतरताना मधेच दगा देतो. तुला ठाऊक आहे म्हणा, तरी सांगते." मग सुनेचं, मग शेजारच्यांचं, मग पुन्हा डाव्याचं. शेवटी आमेन आणि पाठोपाठ घोरणं. गाऱ्हाणं घालून इतक्या झटकन झोपलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. मी गाऱ्हाणं घालतो आणि मग पहाटेपर्यंत उत्तराची वाट बघतो.

हल्ली मला दुसरंच एक चार तेरा आवडायला लागलंय. तीमथ्याला दुसरं पत्र, ४:१३. पुन्हा तुरुंगातूनच. तोच समाधानी माणूस कळवतो, त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय, येताना घेऊन ये. पुस्तकंही आण, चर्मपत्रं तर आठवणीने. आणि थोड्याच ओळी पुढे, हिवाळ्याआधी ये.

झगा त्याच्यापर्यंत पोचला की नाही, पुढे कुठेच लिहिलेलं नाही.