स्लॅब तयार, आर्किटेक्ट गायब

आजचा दिवस असाच गेला. सळई बांधून झाली, सेंट्रिंगचं (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचं) भाडं चालू आणि टॉयलेटचा सन्क, म्हणजे तिथला स्लॅब किती खाली घ्यायचा, हे सांगणाऱ्या आर्किटेक्टचा फोन लागेना. गवंडी म्हणतो, "साहेब, नऊ इंच घेऊ." घेऊ नका! ट्रॅप (वास अडवणारा वाकडा पाइप) कोणता, पाइप कुठून बाहेर काढणार, त्यावर सन्क ठरतो. कमी पडला तर ढाळ मिळत नाही, मग टॉयलेटची फरशी बाहेरपेक्षा वर येते.

"सर, ड्रॉइंग कधी?" असल्या व्हॉट्सॲपला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. ईमेल करा: ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, नेमका प्रश्न, काँक्रीटची तारीख. सोबत सन्कचा टेपसकट फोटो. सळईची तपासणी तशीही आरसीसी कन्सल्टंटची (स्लॅब-कॉलमचं डिझाइन करणारा इंजिनिअर), त्याला थेट बोलवा. काँक्रीट ओतण्याआधी फॅन बॉक्स आणि कंड्युट (वायरचे पाइप) मोजून घ्या, नंतर स्लॅब फोडावा लागतो.

फी टप्प्याटप्प्यानेच द्या. ड्रॉइंग हातात, मग चेक. सुरुवातीलाच ऐंशी टक्के दिले की फोन उचलायचं कारणच उरत नाही.

माणूस बदलायचाच असेल तर आधी लेखी नेमणूक रद्द करा, झालेल्या कामाची फी चुकती करा. नवा आर्किटेक्ट जुन्याला कळवल्याशिवाय काम घेत नाही, तसा त्यांचा नियमच आहे. नगरपालिकेतही नाव बदलून घ्या, नाहीतर भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी पुन्हा जुन्याचीच सही शोधत फिराल.