पाऊस तोच, मग दोष बियाण्याचा?

देव सर्वशक्तिमान आणि दयाळू, तर मग जगात दुःख का? हा प्रश्न बहुतेक वेळा अर्धाच विचारला जातो, म्हणून गुंता वाढतो. कागदावर चार वाक्यं लिहावीत: देव काहीही करू शकतो. देवाला सगळं ठाऊक आहे. देव पूर्ण दयाळू आहे. जगात दुःख आहे. मग समोर येणारं प्रत्येक उत्तर यातलं कोणतं वाक्य खोडतं किंवा सैल करतं, तेवढं बघावं. देव आणि दुःख एकत्र मानणं तर्कात बसतच नाही, असं तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली मांडलं.

आपल्याकडे हा वाद ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात आहे, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, ३४व्या सूत्रात. देवावर आरोप दोन: वैषम्य म्हणजे भेदभाव आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. उत्तर असं की देव ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य इथे पावसाचा दाखला देतात. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच, फरक बियाण्याचा. बेळगावजवळच्या खानापूरकडे हे समजवावं लागत नाही. खाचरात भात, वरकस जमिनीत नाचणी, सर एकच.

मग पहिलं कर्म कुठून आलं? ३५वं सूत्र म्हणतं, संसाराला सुरुवातच नाही; शंकराचार्य दाखला देतात बी आणि अंकुराचा. उत्तर भक्कम आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते: देव कर्माला धरून चालतो, म्हणजे पहिलं वाक्य सैल झालं. प्रवचनात हे क्वचितच सांगतात. सांगायला हवं. जैन मतात जगाचा कर्ता देवच नाही, त्यामुळे बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, हा आरोप ठेवायला आरोपीच सापडत नाही. दुःखाचा प्रश्न मात्र तिथेही उरतोच.

पावसाचा दाखला कुठे अडतो, ते ऑगस्ट २०१९ मध्ये दिसलं. मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा, तिन्ही नद्यांना पूर आला. पुराचं पाणी शेतात उभं राहिलं की बियाणं चांगलं की किडकं, हे बघत नाही. मुळं गुदमरतात आणि सगळंच कुजतं. इथे पाऊसच घाव घालतो. ‘गावाचं सामूहिक कर्म’ हे उत्तर मला पटत नाही, त्यात पाळण्यातलं पोरही येतं. तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांचा १९७४ चा युक्तिवाद माणसाच्या स्वातंत्र्यावर उभा आहे: निवड माणसाची, म्हणून वाईटही त्याच्याकडून. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, नदीपात्राला चिकटून घरं बांधायची का, इथे तो सरळ लागू पडतो. ढग किती बरसला, तिथे तो ओढूनताणून लावावा लागतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र दुःख झालेल्या घराच्या दारात होते. मराठी घरात ‘भोग’ म्हणतात, शेजारच्या कानडी घरात ‘हणेबरह’, म्हणजे कपाळावर लिहिलेलं. सूत्रात आरोप देवावर होता. सांत्वनाला आलेला माणूस तोच आरोप रडणाऱ्या बाईवर ठेवून जातो. पहिल्या दिवसांत सिद्धान्त सांगू नयेत. जेवणाचा डबा न्यावा, पंचनाम्याचे कागद जुळवून द्यावेत, शेजारी बसावं. तिने स्वतःच ‘माझं काय चुकलं?’ विचारलं, तर ‘अक्का, तुमचं काही चुकलं नाही’ एवढंच म्हणावं. त्याने शास्त्राला धक्का लागत नाही. कर्माची गती गहन आहे, असं गीताच (४.१७) म्हणते, मग कुणाचं कुठलं कर्म आज फळाला आलं, हे दारात उभं राहून आपण कसं सांगणार?