६० हर्ट्‌झ की ६०.९?

टेपच्या खोक्याच्या आत, झाकणावर पेन्सिलीने लिहिलंय ‘+१½’. पुढे एकक नाही, सही नाही. काम पूर्ण करून दिल्याला महिना झाला, तरी हा आकडा डोक्यातून जात नाही.

कॅलिफोर्नियातल्या एका स्केट पंक बँडची १९८३ ची सात इंची ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी. सहा गाणी, मिळून साडेसात मिनिटं. या संगीतात हे नेहमीचंच. मायनर थ्रेट या बँडच्या १९८१ च्या पहिल्या सात इंचीत तर आठ गाणी आहेत. डिजिटल आवृत्तीसाठी पाव इंची मास्टर टेप आमच्याकडे आली, सेकंदाला १५ इंच वेगाची, पाठीला काळा लेप असलेली. अशा टेपचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय कण धरून ठेवणारा गोंद, हवेतली ओल धरून चिकट होतो. तशीच मशीनवर चढवली तर ती किंचाळते, टेप वाचणाऱ्या हेडवर तपकिरी राप बसतो, आणि तो राप म्हणजे गेलेलं संगीत. म्हणून आधी शेकायची: ५४ अंश सेल्सिअसला आठ तास, मधे एकदा रीळ उलटायचं, मग तेवढाच वेळ बंद पेटीत निवू द्यायचं. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये कृपा करून करू नका, त्याचं तापमान फार वरखाली होतं. आणि शेकण्याआधी रीळ उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार आला तर ती अ‍ॅसिटेटची टेप, तिला उष्णता दाखवायची नाही. शेकल्यावर जुने जोड सुटतात. इथे अकरा होते, सगळे नव्या पट्टीने लावले.

रिळाच्या सुरुवातीला फक्त १ किलोहर्ट्‌झचा टोन होता. अ‍ॅझिमथसाठी, म्हणजे हेडचा कोन टेपशी जुळवण्यासाठी, लागणारा १० किलोहर्ट्‌झचा नव्हताच. अशा वेळी उपयोगी पडते ती ड्रमरने गाण्याआधी काठ्या आपटून दिलेली चारची मोजणी. डावा-उजवा चॅनल मोनोत एकत्र करायचा आणि काठीचा ‘टक्’ सर्वांत धारदार येईपर्यंत हेडचा स्क्रू केसभर फिरवत राहायचा. झांजांवर हे जमत नाही, हार्डकोअरमध्ये, म्हणजे अशा जलद पंकमध्ये, झांजा सतत वाजत असतात. नव्वदच्या दशकात निघालेल्या या ईपीच्या सीडीत कुणीतरी प्रत्येक मोजणी कापून टाकली होती. दोन गाण्यांमधला अ‍ॅम्प्लिफायरचा गुणगुणाटही नॉइज रिडक्शनने पुसला होता. हे मला अक्षम्य वाटतं. तो आवाज त्या खोलीचा आहे, कचरा नव्हे.

त्याच गुणगुणाटाने खरं प्रकरण बाहेर काढलं. पाचवं गाणं टेपवर नव्हतंच. त्याच्या जागी पांढरी लीडर टेप, म्हणजे आवाज नसलेली पट्टी. एखाद्या संकलनासाठी मूळ मास्टरमधून गाणं कापून न्यायचे आणि परत लावायचे नाहीत, ही त्या काळची वाईट खोड. म्हणजे ते गाणं तबकडीवरून घेणं आलं. न वाजवलेली प्रत मिळाली, धुतली, टर्नटेबलचा वेग ३१५० हर्ट्‌झच्या चाचणी रेकॉर्डने तपासला. गाणं टेपच्या गाण्यांशेजारी ठेवलं आणि पट्टी वर गेलेली. अर्ध्या स्वराच्या साधारण पाव भागाने, पण गिटार जाणणाऱ्याला खुपेल इतकी.

अमेरिकेतली वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून अ‍ॅम्पची गुणगुण ६० वर आणि तिच्या पटींवर असते. मी तिसरी पट बघतो, तिथे फरक तिप्पट होऊन स्पष्ट दिसतो. टेपवरच्या चार सेकंदांच्या मोकळ्या जागेत शिखर बरोबर १८० वर. तबकडीवर दोन शिखरं शेजारी शेजारी: १८० वरचं तबकडीचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या आमच्याच प्रीअँपचं, १८२.७ वरचं खाचेत कोरलेलं. म्हणजे तबकडी दीड टक्का वेगात होती. ७१ सेकंदांचं गाणं तिच्यावर ७० सेकंदांत संपतं.

कटिंगच्या, म्हणजे टेपवरून मूळ तबकडी कोरण्याच्या दिवशी टेप मशीन वेगात असेल, किंवा कोरणारा लेथ हळू फिरला असेल. दोन्हींचा परिणाम एकच. हा दोष मानून मी तबकडीवरचं गाणं ६० वर उतरवलं, सहाही गाणी त्याच वेगाने २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झमध्ये दिली. लेबलला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला, गाणी आणखी कर्णकर्कश करून हवी होती, तेवढं मी नाकारलं.

खोक्यातला तो आकडा मी आधीच वाचला होता आणि दीड डेसिबल समजलो होतो. कटिंगवाल्यासाठी ‘वरचे स्वर इतके वाढव’ अशी टिपणं असतातच, पण त्यात शेजारी बहुधा वारंवारताही लिहितात. इथे नाही. दीड टक्का वेग मुद्दाम वाढवायला सांगितला असेल तर? ईपी आणखी सुसाट वाजावी म्हणून? तबकडीवरचे वरचे स्वर मोजून उलगडा होत नाही, ते सुई आणि खाचेच्या झिजेवरही ठरतात. बँडमधल्या दोघांना विचारलं. एक म्हणाला आम्ही इतकं जलद वाजवत नव्हतो, दुसरा म्हणाला मला तबकडीचाच वेग बरोबर वाटतो.

ज्यांनी चाळीस वर्षं ती तबकडी ऐकली, त्यांच्यासाठी गाणं ७० सेकंदांचंच आहे. ६०.९ ची दुसरी प्रत मी झाकणाच्या फोटोसह त्याच फोल्डरमध्ये ठेवली आहे. लेबलने अजून ती मागितलेली नाही.