पान पालथं करून

नागपूरला एम.टेक. करताना मी प्रबंधाला विषय घेतला तो कपाशीच्या लाल पानांचा. फोटो पाहून मॉडेलने, म्हणजे फोटोंवरून शिकवलेल्या संगणक प्रोग्रॅमने, सांगायचं, हा लाल्या आहे की पानाचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांनी आलेली लाली. आमच्या राळेगाव तालुक्यात पऱ्हाटी लाल पडली की माणूस आधी कृषी केंद्र गाठतो आणि मिळेल ते औषध फवारतो. लाल्या येतो मॅग्नेशियम-नत्र कमी पडल्यावर, त्यात रात्री गार झाल्या की जास्तच. त्याला कीटकनाशक मारून काही होत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली तेव्हा मी शाळेत होते, पण गावातली ती शांतता अजून आठवते. एक फुकटची फवारणी टळली तरी माझ्या कामाचं चीज होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

चाचणीत मॉडेलची अचूकता नव्वद टक्क्यांच्या बरीच वर गेली. दिवाळीनंतर लॅपटॉप घेऊन गावी गेले आणि सकाळी वेचणी चालू असलेल्या वावरात उभी राहिले. पहिल्या दहा पानांना उत्तर आलं, लाल्या. पुढच्या दहांनाही लाल्याच. हिरव्यागार पानालासुद्धा लाल्या!

ओटीत कापूस भरून चाललेल्या एक काकू थांबल्या. "पोरी, पान पालथं करून पाह्यलं का?" त्यांनी पान उलटवलं. खाली फिकट हिरवे, बारीक तुडतुडे तिरपे पळत होते. शेजारच्या झाडाचं पान उलटवलं, तिथे काही नव्हतं. "हा लाल्या. शिरा हिरव्या हाय, पाह्य."

मी गप्प झाले. माझ्या हजारो फोटोंत पानाची खालची बाजू एकदाही नव्हती. शिवाय ‘लाल्या’ आणि ‘तुडतुडे’ ही लेबलं मीच होस्टेलवर बसून, वरून दिसणाऱ्या रंगावरून लावली होती. जे फोटोतच नाही ते मॉडेल शिकणार कुठून?

संध्याकाळी ओसरीवर बसून ग्रॅड-कॅम चालवलं. मॉडेल चित्राचा कोणता भाग बघून उत्तर देतं, ते या पद्धतीत रंगाने दिसतं. रंग पानावर नव्हताच, जमिनीवर होता. निरोगी पानांचे फोटो मी ऑगस्टमध्ये ओल्या काळ्या मातीवर काढले होते आणि लाल्याचे बहुतेक एकाच वावरातल्या भेगाळलेल्या मातीवर. मॉडेल भेगा ओळखायला शिकलं होतं. त्यात एकाच झाडाचे काही फोटो शिकवण्यात आणि काही चाचणीत गेले होते, म्हणजे परीक्षेतले प्रश्न आधीच फुटलेले.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. प्लांटव्हिलेज या पानांच्या फोटोंच्या संग्रहावरच्या 2016 च्या प्रसिद्ध संशोधनातला 99.35 टक्के हा अचूकतेचा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. त्यात प्रयोगशाळेसारख्या साध्या पार्श्वभूमीवरचे पानांचे 54,306 फोटो होते. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल 31.4 टक्क्यांवर आलं, हेही त्याच लेखात स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं आणि पुढे गेले होते. मला हवा होता तो आकडा तेवढा उचलला.

नागपूरला परतल्यावर वावरानुसार विभागणी केली: ज्या वावराचे फोटो शिकवायला, त्याचा एकही चाचणीला नाही. अचूकता साठीच्या खाली आली. तो तक्ता मार्गदर्शकांपुढे ठेवताना हात गार पडले होते. सरांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पानांच्या खालच्या बाजूचे फोटो कधी आणतेस?"

पुढच्या रविवारी पुन्हा वावरात गेले. आता प्रत्येक पानाचे दोन फोटो, वरून आणि पालथं, आणि लेबल काकू सांगतील ते. त्या दिवसाच्या वेचणीचा खाडा पडू नये म्हणून त्यांची मजुरी मी माझ्या शिष्यवृत्तीतून दिली. दुपारपर्यंत दोनशे दहा पानं झाली. सात पानांवर त्या म्हणाल्या, "हे मले सांगता येत नाही." वहीत त्या सातांसाठी मी वेगळा रकाना आखला.