व्ह्यूफाइंडरसाठी झूम सोडला
नात चालायला लागली आणि फोनवरचे फोटो मला पुरेनासे झाले. संध्याकाळी घरात काढलेला प्रत्येक फोटो हललेला. खिशात मावेल असा वेगळा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. शोधता शोधता दोन नावं उरली: सोनी आरएक्स१०० मार्क ३ आणि कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स. दोन्ही २०१४ साली आलेले. दोघा परिचितांना आपापला कॅमेरा विकायचा होता, आणि दोघांनीही 'आधी आठवडाभर वापरून बघा' म्हटलं. मी दोन्ही एकाच आठवड्यात मागून घेतले.

कागदावर तुलना करायला बसले तर आकडे सारखेच. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, दोघांचा १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, मेगापिक्सेल साधारण २०, अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र, झूमच्या रुंद टोकाला एफ/१.८ आणि लांब टोकाला एफ/२.८. संध्याकाळचा प्रकाश दोघांनाही सारखाच झेपणार होता, आणि झेपलाही. खरा फरक लेन्सच्या पल्ल्यात होता. सोनी २४ ते ७० मिलिमीटर, कॅनन २४ ते १००; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. इथेच मी कॅननकडे झुकले. आपण जवळ गेलो की मूल खेळ सोडून आपल्याकडे बघायला लागतं, त्यामुळे लांबून चेहरा टिपता येणं माझ्यासाठी फार मोलाचं.

मग हिशेब केला. ७०वर काढलेल्या फोटोच्या कडा कापून १००इतकं जवळ आणायचं तर रुंदी आणि उंची दोन्ही सत्तर टक्के उरतात, म्हणजे क्षेत्रफळ निम्मं. तरी १० मेगापिक्सेल हातात राहतात आणि ८ बाय १२ इंची प्रिंट स्वच्छ येते. मागची धूसरता मात्र कापून मिळत नाही. कॅननवर १०० लावून मी नातीचा एक फोटो काढला, त्यात मागचा पडदा अगदी विरघळून गेलाय. सोनीवर तसा जमला नाही.

तरीही निवड फिरली ती एका दुपारी. उन्हात दोन्हींचे स्क्रीन फिके पडत होते. त्यातून मला जवळचं बघायला चष्मा लागतो आणि तो शोधेपर्यंत नात पळालेली असते. सोनीच्या कोपऱ्यातून छोटा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, वर येतो. त्याच्या दांडीने माझ्या डोळ्यांचा नंबर जुळवला आणि चष्म्याशिवाय तिच्या पापण्या दिसल्या! कॅननला व्ह्यूफाइंडर नाही. त्याचा टचस्क्रीन सोयीचा आहे, बोट ठेवलं की तिथे फोकस, आणि ती सोय सोनीत नाही. पण न दिसणाऱ्या स्क्रीनवर बोट ठेवायचं कुठे?

सोनीचा व्ह्यूफाइंडर आधी वर काढायचा, मग भिंग मागे ओढायचं, आणि आत दाबला की कॅमेराच बंद होतो. याची सवय व्हायला दोन दिवस गेले. बॅटरीचं सांगायचं तर कंपन्यांच्या मोजणीने सोनी ३२० फोटो, कॅनन २१०.

पैसे देण्याआधी सोनीवर एफ/११, म्हणजे अ‍ॅपर्चर बारीक, ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. सेन्सरवर धूळ असेल तर त्यात काळे ठिपके दिसतात. एकही नव्हता.

कॅनन परत करण्याआधी तो पडद्यासमोरचा फोटो तेवढा उतरवून घेतला. भिंतीवर सध्या तोच आहे.