तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रंट-एंडवाल्याने सीएमएस कुठला घ्यावा?

रत्नागिरीत बसून वेबसाइटी करतो म्हटलं की नवीन पोरं हमखास विचारतात, रिअ‍ॅक्ट (फ्रंट-एंडचं, म्हणजे साइटचा दिसणारा भाग करायचं साधन) येतं, पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) येत नाही, तर सीएमएस (कोडला हात न लावता साइटवरचा मजकूर बदलायची सोय) कुठला घेऊ? मी उलट विचारतो, साइटवरचा दर बदलणार कोण?

कारण इथलं गिऱ्हाईक म्हणजे होमस्टेवाले नाहीतर आंबेवाले. एप्रिलात पेटीचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, आणि तो बदलणार बागेत उभं राहून, मोबाइलवरून, तेही रेंज असली तर. अशा माणसाला गिटहबवर (कोड ठेवायच्या जागी) मार्कडाउन फाइल (साध्या खुणा घालून लिहिलेला मजकूर) उघडायला सांगितलीत तर तो सरळ तुम्हालाच फोन करणार, झालं, सीएमएस तुम्हीच.

म्हणून मी बहुतेक वेळा वर्डप्रेस (पीएचपीवर चालणारा सीएमएस) घेतो, पोरं नाकं मुरडतात ती मुरडू देत. टेम्प्लेटपुरतं, म्हणजे पानाच्या साच्यापुरतं, पीएचपी जमतं हो. कस्टम फील्ड टाकून स्क्रीनवर तीनच रकाने ठेवायचे, फळाचा आकार, भाव, माल शिल्लक आहे का, बाकीचे मेनू लपवायचे. फोटोंचंही तेच, मालवणातली वहिनी सुरमई थाळीचा फोटो फोनवर काढला तसाच चढवणार, तिला कॉम्प्रेस कर सांगून उपयोग नाही, पण वर्डप्रेस ५.३ पासून एवढा मोठा फोटो आपोआप २५६० पिक्सेलवर आणतं, आणि स्क्रीन बघून लहान फोटो द्यायची सोय तर २०१५ च्या ४.४ पासूनच आहे.

हेडलेस, म्हणजे वर्डप्रेस फक्त मजकूर भरायला आणि दिसणारी साइट वेगळी? करा की, रेस्ट एपीआय (वर्डप्रेसमधला मजकूर बाहेरून मागायची सोय) २०१६ पासून कोअरमध्येच, मूळ वर्डप्रेसमध्येच आहे, पुढे साइट बांधायला नेक्स्ट लावा नाहीतर अ‍ॅस्ट्रो. पण मग दोन ठिकाणं सांभाळा, प्रिव्ह्यू स्वतः जुळवा. त्यात स्टॅटिक बिल्ड (सगळी पानं आधीच तयार करून ठेवणं) असेल तर भाव सेव्ह केला तरी बिल्ड होईपर्यंत साइटवर जुनाच दिसतो, आंबेवाल्याला वाटतं सेव्हच झालं नाही, तो परत दाबतो, परत बिल्ड सुरू.

स्ट्रॅपी या हेडलेस सीएमएसचं अ‍ॅडमिन मला खरं तर जास्त आवडतं, पण नोडचा (जावास्क्रिप्ट चालवणारा) सर्व्हर कायम चालू ठेवायचा, आणि वर्षाच्या होस्टिंगवर घासाघीस करणाऱ्याला ते दर महिन्याचं बिल समजावणार कोण?

देवळाच्या उत्सवाची वगैरे, वर्षातून एकदा तारीख बदलणारी साइट असेल तर सीएमएसच नको. ह्यूगो किंवा इलेव्हंटी (फाइलींवरून तयार पानं बनवणारी साधनं) पुरे, तारीख तुम्हीच बदला.

वर्डप्रेसची खरी कटकट म्हणजे अपडेट, त्यामुळे प्लगिन (वरून जोडायच्या जादा सोयी) मोजकेच ठेवा. आंब्याच्या साइटला एप्रिल-मेमध्ये हात लावू नका, जून लागला की धंदा थंडावतो, तेव्हा बॅकअप घेऊन मोठे अपडेट उरकून टाका.